पुसून गेलेल्या कमानी

वेधशाळेत तिला सगळे पुसणीबाई म्हणत. दुर्बिणीतून आलेल्या फोटोंवरचा उजेडाचा मळ काढायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. "बाईंच्या हातून गेलेला फोटो म्हणजे घासलेलं ताट," साहेब म्हणायचे, आणि ती आतून फुलायची.

तिला मावशी म्हणणारी एक संशोधक मुलगी चार वर्षं म्हाताऱ्या दीर्घिकांच्या मागे होती. गोलमटोल, लालसर, नवे तारे जन्माला घालणं कधीच सोडून दिलेल्या. ह्या आपापल्या वाढल्या, की शेजारणींना गिळून? गिळलं असेल तर भोवती फिकट कमानी उरतात, ताटाला खरकटं राहावं तशा. चारशे फोटोंत मुलीला एकही कमान दिसली नाही. म्हणजे ह्या आपापल्याच वाढल्या, असा प्रबंध लिहून झाला. शुक्रवारी द्यायचा होता.

सोमवारी बाईनं सहज एक मूळ, न पुसलेला फोटो उघडला. दीर्घिकेभोवती तीन कमानी. आकाशाचा उजेड मोजायचा चौकोन ती सवयीनं लहान ठेवायची. एवढ्याशा चौकोनात कमानच भरून राहायची, आणि तिचा उजेडही आकाशाचाच समजून वजा होत गेला होता. शिवाय अशी एक कमान तिला दोन वर्षांपूर्वी दिसलीही होती. भिंगाची चमक असेल, म्हणून तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

दोन दिवस घास उतरेना.

"झालंय काय?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग ते काही नाही भातात कालवून खा."

गुरुवारी दुपारी ती मुलीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मावशी, आभारात तुमचं नाव पहिलं. साहेबांच्याही आधी. फुगून बसतील बघा."

"खोड ते." बाईनं मूळ फोटो पुढं ठेवला. "ह्या मी पुसल्या. बाकीच्यांत किती असतील, ठाऊक नाही. मला सोमवारी कळलं."

मुलीनं तिन्ही कमानींवरून बोट फिरवलं. "सोमवारीच सांगितलं असतंत," एवढंच म्हणाली.

मग तिनं मुदतवाढीचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"माझं नाव घाल," बाई म्हणाली.

मुलीनं लिहिलं, 'फोटो पुन्हा तपासायचे आहेत.' मग आपली खुर्ची उचलून ती बाईच्या संगणकापाशी घेऊन आली.

"पहिला फोटो काढा. ह्या खेपेला मी शेजारी बसून बघणार."

बावीस वर्षांत बाईचं काम असं शेजारी बसून कुणी बघितलं नव्हतं. तिनं चौकोन मोठा केला.