प्लीहा काढली त्याची गोष्ट

माझे यजमान नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहेत. मातीतल्या पावलावरून बिबट कोणत्या वाटेनं गेला ते सांगतात, पण स्वतःचं पोट त्यांना दोन वर्षं ओळखता आलं नाही. डाव्या बरगडीखाली फुगवटा वाढत होता आणि हे त्याचं श्रेय माझ्या हातच्या भाताला देत होते. मीही खुळी, खूश होत होते.

हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा नागपूरला नेलं. यकृताचा सिरोसिस निघाला. गावात कळलं तसा जो तो मला हळूच विचारू लागला, "कधीपासून घेतात?" चहाशिवाय काही न घेतलेला माणूस! जुन्या काविळीचा विषाणू अंगात दबा धरून होता. यांना आजारापेक्षा त्या बदनामीचंच दुःख जास्त.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. व्रण पडून पडून यकृत कडक झालं, रक्ताला नीट वाट मिळेना, म्हणून ते मागे, डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत, म्हणजे पाणथरीत तुंबलं. फुगलेली प्लीहा प्लेटलेट गिळत होती, म्हणून हिरड्यांतून रक्त. शिवाय तिच्यातून निघणारी काही द्रव्यं थेट यकृतात जाऊन व्रण वाढवतात, असंही दिसतं म्हणाले. "ती काढली तर काही रुग्णांत यकृताचा कडकपणा थोडा कमी होतो. सगळ्यांत नाही. मी हमी देत नाही."

"म्हंजे आग लावणारी ते हाय, अन् नाव लिव्हरचं?" यांनी विचारलं.

"सुरुवात लिव्हरनंच केली, काका. हिनं भर घातली."

आधी लसी टोचल्या, मग ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर बसून मी काय काय नवस बोलले ते आता आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर यांचा पहिला प्रश्न, "केवढी निंगाली?"

"पपईएवढी."

"लहान पपई का मोठी?"

मी मोठी म्हणाले. यांनी समाधानानं डोळे मिटले.

वर्षभरानं बरगडीवर टकटक करणाऱ्या यंत्रानं तपासणी झाली. कडकपणा खरंच कमी झाला होता. "कमी झालाय, गेला नाही," डॉक्टर म्हणाले. "यात विषाणूवर रोज चालू असलेल्या गोळीचाही वाटा आहे. ती सोडायची नाही. आणि प्लीहा नाही, म्हणजे जंतूंशी लढायची ताकद कमी; ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना."

यांनी यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं ऐकलं. बसमधूनच सगळ्या नातेवाइकांना फोन, "लिव्हर नरम झाली!"

पुढच्याच महिन्यात सकाळी डबा देताना हात लागला, तर अंग तापलेलं.

"अजी, ताप हाय तुम्हाले!"

"काही नाही वो. उनातून आलो."

"सकाळी सात वाजता कोणतं ऊन?"

गणवेशातच तिरोड्याच्या दवाखान्यात नेलं. प्लीहा काढल्याचं सांगताच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच सलाईन लावली आणि यांना असं झापलं, की माझं काम वाचलं. पाचव्या दिवशी घरी आले ते मुकाट्यानं.

आता रोज निघताना मी यांच्या कपाळाला हात लावते.

"काऊन वो, रोज रोज?"

"धूळ लागली होती," मी म्हणते. हेही जरा वाकून उभे राहतात.