चक्क्याचं फडकं आणि बाळ्याचं पोट

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला, बराच वेळ पाहिला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुमच्या घरातलं काय हरवलंय?"

मला आधी रागच आला. आमचा कुत्रा समोर टेबलावर मान टाकून पडलाय आणि हा माणूस पोलिसासारखी चौकशी करतोय! "आमच्या घरात काही हरवत नाही," मी ठणकावलं. सुहासनं, माझ्या नवऱ्यानं, माझ्या कोपराला हळूच हात लावला. "अगं, ते तसं विचारत नाहीयेत."

तसं नव्हतंच ते. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, खिळा दिसतो, नाणं दिसतं. कापड दिसत नाही, दोरी दिसत नाही. बाळ्याच्या एक्स-रेमध्ये दिसत होती ती फक्त आतडी, एका बाजूला गोळा होऊन बसलेली, आणि त्यात हवेचे बारीक बारीक ठिपके. डॉक्टरांनी त्यावरून पेनचं टोपण फिरवलं. "मला लिनियर फॉरिन बॉडीचा संशय आहे," ते म्हणाले. म्हणजे पोटात जायला नको अशी, दोरीसारखी लांब वस्तू. "काय गिळलंय ते कळलं तर कुठं कापायचं ते मला कळेल. घरी फोन करा."

दोरी म्हटल्याबरोबर मला माझी दोरी शिवलेली चक्क्याची फडकी आठवली.

मी दवाखान्यातूनच आमच्या खालच्या घरी फोन लावला. आमची मनवा तेव्हा अकरा वर्षांची. शाळेतून येऊन तिथल्या हैदराबादी भाभींकडे थांबलेली. तिला म्हटलं, वर जा आणि ओट्याखालच्या खणातली चक्क्याची फडकी मोज. सहा हवीत. पाच मिनिटांनी परत फोन केला.

"आई, देअर आर ओन्ली फाइव्ह." मग जरा थांबून, "इज ही गोइंग टु डाय?"

मी "नाही गं" म्हटलं. माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

आता थोडं मागं जाते, कारण ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना माझी चूक कळली पाहिजे. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलेय.

आम्ही तेव्हा आखातात, अमिरातीतल्या अल ऐनला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुहास तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता आणि मी घरून डबे करायची. एकट्या राहणाऱ्या आपल्या पोरांना वरण-भात, भाजी-पोळी, सणाला गोडधोड. त्यामुळे गावातल्या तमाम मराठी पोटांची मी स्वयंघोषित डॉक्टरीण होते. कुणाला ओवा, कुणाला हिंगाचं पाणी, कुणाला नुसतं लंघन. "वहिनींना विचारा," असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायची. बाळ्या हा वाळवंटी जातीचा लांब पायांचा, बारीक कमरेचा कुत्रा. शेजारची आयरिश बाई नोकरी संपवून परत गेली आणि जाताना त्याला आमच्या गळ्यात बांधून गेली. कुत्रा नको म्हणून मी आठवडाभर धुसफुसले. पुढच्या आठवड्यात त्याला मऊ भात कालवून देत होते.

पाडव्याला माझ्याकडं श्रीखंडाची मोठी ऑर्डर होती. सहा मलमलची फडकी, प्रत्येकाच्या कोपऱ्याला हातभर सुती दोरी शिवलेली, नळाला टांगायला सोयीची. चक्का निघाला, श्रीखंड झालं, लोकांनी बोटं चाटली. धुतलेली फडकी मी गच्चीत वाळत घातली. त्यातलं एक गडबडीत नीट धुतलं गेलं नसणार. दह्याचा वास नाकाला लागल्यावर कुत्र्यानं आणखी काय करायचं? संध्याकाळी एक फडकं कमी दिसलं तेव्हा मी वाऱ्याला दोष दिला. खालच्या भाभींनाही जरा तिरकसच विचारलं, "आपके यहाँ तो नहीं आया?" बिचाऱ्यांनी आपली गॅलरी झाडून दाखवली. मग ते फडकं मी विसरूनच गेले.

पहिल्या दिवशी बाळ्यानं दोनदा पिवळं पाणी ओकलं. मी म्हटलं, पोट बिघडलंय, उपास घडवा. तिथवर ठीक होतं. धडधाकट मोठ्या कुत्र्याला एखादी उलटी झाली, पण तो खेळतोय, पाणी पोटात ठरतंय, तर काही तास जेवण बंद ठेवून मग थोडा मऊ भात दिला की बहुतेक वेळा भागतं, हे नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. पिल्लू असेल तर मात्र वाट बघू नका. ते फार लवकर कोमेजतं.

दुसऱ्या दिवशी तो पाणी प्यायचा आणि लगेच टाकायचा. सारखे ओठ चाटत होता, लाळ गिळत होता. शी केली नव्हती. मी ताकात हिंग घालून दिलं, ते त्यानं हुंगलंसुद्धा नाही. मग मी डबा काढला. आखातात राहिलेल्या प्रत्येक मराठी घरात हा डबा असतो: दर सुट्टीत पुण्याहून भरून आणलेल्या गोळ्यांचा. त्यातली उलटी थांबायची अर्धी गोळी मी केळ्यात दाबून त्याच्या घशात ढकलली.

उलट्या थांबल्या! सुहासला म्हटलं, "बघ, विचारत जा मला." आता आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. माणसाची गोळी, जनावराला, तीही अंदाजानं. दुखणं तिथंच होतं, मी फक्त त्याचं ओरडणं बंद केलं होतं आणि त्यात एक अख्खा दिवस घालवला.

तिसऱ्या दिवशी तो एक वेगळीच गोष्ट करायला लागला. पुढचे दोन्ही पाय जमिनीवर पसरायचा, छाती टेकवायचा आणि ढुंगण वर. असाच बराच वेळ राहायचा. आम्ही हसलो हो! मी म्हटलं, "बघा, पाया पडतोय माझ्या. बरं केलं ना मी त्याला." मनवानं फोटोसुद्धा काढला. कुत्र्याच्या पोटात मुरड येते तेव्हा तो असा बसतो, हे आम्हाला कुठं माहीत? पोटावर ताण येऊ नये म्हणून तो तसा वाकतो. तुमचा कुत्रा खेळायचं सोडून पुन्हा पुन्हा असा वाकताना दिसला तर माझ्यासारखं हसू नका, गाडी काढा.

चौथ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही.

कुत्र्यांचा वेगळा दवाखाना आमच्या जवळपास नव्हता. होता तो मुख्यतः उंटांचा, गावाबाहेर, मळ्यांच्या रस्त्याला. डॉक्टर सुदानचे, उंचेपुरे, आवाज अगदी हळू. बाहेर अंगणात एक उंटीण बसली होती आणि आत आम्ही. त्यांनी बाळ्याचा ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबली. "पाहा," म्हणाले. दाबलेली जागा पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. दोन सेकंदांच्या आत ती परत गुलाबी व्हायला हवी. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी. "डिहायड्रेशन," ते म्हणाले. अंगातलं पाणी आटलंय. या दोन गोष्टी कुणालाही घरी बघता येतात. मी चार दिवसांत एकदाही बघितल्या नव्हत्या.

फडक्याचं कळल्यावर डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "आधी सलाइन, मग लगेच ऑपरेशन. माझा एक माणूस मळ्यावर गेलाय. दुसरा श्वासाकडं लक्ष ठेवेल. तुमच्यापैकी चक्कर न येता कोण उभं राहील?"

सुहास बुटांकडं बघायला लागला. मी म्हटलं, मी राहते.

मला हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि गरम सलाइनचं भांडं हातात दिलं. सांगतील तेव्हा ओतायचं, मध्ये बोलायचं नाही. बोलायचं नाही हे मला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं.

मी हजारो माणसांच्या पोटात अन्न घातलंय. पोट आतून कसं असतं ते कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी आतडं अलगद बाहेर घेतलं आणि मला दिसलं ते असं: परकराची नाडी ओढल्यावर नेफा कसा चुण्या चुण्या होऊन गोळा होतो, अगदी तसं. फडकं जठराच्या तोंडाशी अडकून बसलं होतं आणि त्याची दोरी पुढं आतड्यात गेली होती. आतडं बिचारं आपलं काम करत होतं. आलेली वस्तू पुढं ढकलायची, एवढंच त्याला ठाऊक. दोरी सरकत नव्हती, म्हणून ते स्वतःच तिच्यावर चढत गेलं होतं. चार दिवस. मी ताक कालवत होते, फोटो काढून घेत होते आणि हे आत एकटं झगडत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हातात भांडं, पुसणार कशानं?

त्यांनी जठर उघडलं, दोरी कापली, फडकं काढलं. मग आतड्याला दोन बारीक छेद देऊन उरलेली दोरी हळूहळू सोडवली. ती जोरानं ओढली तर करवतीसारखी आतडं कापत जाते. म्हणून कुत्र्याच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढू नका.

चुण्या सुटल्या. पण वीतभर तुकडा काळाजांभळा पडला होता. डॉक्टर थांबले. "हा मेला असेल तर कापून दोन टोकं जोडावी लागतील. तेवढं त्याला आज सोसेल असं मला वाटत नाही," म्हणाले. मग त्यावर ओली पट्टी ठेवली आणि मला खुणावलं. "ओता. आपण पाच मिनिटं वाट बघू. इन्शाल्ला."

पाच मिनिटं मी ओतत राहिले. मला देव आठवायला हवे होते, एकही आठवला नाही. मी फक्त त्या तुकड्याला मनात म्हणत होते, ये रे, ये रे बाबा.

पट्टी उचलली. कडेला जरासा लालसरपणा होता. आम्ही बघत असतानाच तो आत सरकत गेला. जांभळ्याचा लाल झाला, लालाचा गुलाबी. आणि मग, कुणी हात लावला नाही, काही केलं नाही, त्या तुकड्यातून एक लाट गेली. आतडं आवळलं, सैल झालं, पुढं आवळलं, पुढं सैल झालं. "पेरिस्टाल्सिस," डॉक्टर म्हणाले. अन्न पुढं ढकलणारी आतड्याची लाट. त्यांनी आयुष्यात ती किती वेळा पाहिली असेल! तरी तेही क्षणभर हात थांबवून बघत राहिले आणि पुटपुटले, "सुभानल्ला."

बाळ्या बेशुद्ध होता. त्याला काही माहीत नव्हतं. त्याचं पोट मात्र शुद्धीवर होतं आणि सरळ कामाला लागलं होतं. रुसवा नाही, फुगवा नाही. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटायचं, पोटाचं मला कळतं. अहो, काय कळत होतं मला!

एवढ्यानं झालं नाही. डॉक्टरांनी बजावलं की आतड्याचे टाके सुटायची भीती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते. सुटले तर आतली घाण पोटात पसरते आणि मग हातात काही राहत नाही. दोन दिवस त्यांनी त्याला सलाइनवर ठेवून घेतलं. तिथं आधी पाणी दिलं, ते ठरल्यावर चमचाभर बिनमिठाचा, मिक्सरमधून काढलेला कोंबडी-भात. तिसऱ्या दिवशी तेवढंच थोडं थोडं पाच वेळा द्यायचं, असं सांगून घरी सोडलं. मी एक दाणा जास्त दिला नाही. हिंग नाही, हळद नाही, माझं डोकं नाही. ते सांगतील तसं. खालच्या भाभींकडे श्रीखंडाची वाटी घेऊन गेले आणि माफी मागितली. त्यांनी हसून वाटी ठेवून घेतली आणि त्यांच्या जानमाज़वर, नमाजाच्या चटईवर, बाळ्यासाठी दुवा मागितली.

आता एकच वाट बघायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "त्याला शी होईल, तेव्हा मला फोन करा. तोवर मी खूश होणार नाही." तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी काही नाही. बिल्डिंगच्या मागं मोकळी रेताड जागा होती, तिथं आम्ही त्याला सकाळ-संध्याकाळ हळूहळू फिरवायचो. सुहास पट्टा धरून, मी पोटाखाली हात देऊन, मनवा मागून. तो दोन पावलं चालायचा, हुंगायचा, थांबायचा, आणि आम्ही तिघं श्वास रोखायचो. मग तो पुढं निघायचा. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर ही वाट बघणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

पाचव्या दिवशी सकाळी, कामावर जाणारी माणसं गाड्या काढत असताना, बाळ्या एका खुरट्या झुडपापाशी थांबला. गोल फिरला. पाठीची कमान केली. टाके ओढले गेले असावेत, कारण तो बारीक कण्हला. आणि त्याला झाली. बोटाएवढी, मऊ, तपकिरी, चांगली.

सुहास "खलास! झालं!" म्हणून ओरडला आणि डॉक्टरांना फोन करायला धावत सुटला. मनवानं बाळ्याच्या गळ्यात हात टाकले. मी तिथंच उभी राहिले, किती वेळ ते मला आठवत नाही. हात आपोआप जोडले गेले होते. त्या वाळूत, त्या एवढ्याशा घाणीपुढं, मी रडत होते आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती.

"आई," मनवा म्हणाली, "व्हाय हॅव यू टेकन ऑफ युअर चप्पल्स?"

मी खाली पाहिलं. चपला मागं, चार पावलांवर, काढून ठेवलेल्या होत्या.