एक झाकण जास्त

आमच्या ह्यांचा, म्हणजे विश्रामरावांचा, जगात कुणावर विश्वास नाही. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघतील, रिक्षात बसले तर रस्ताभर डोळे मीटरवर. मकरपुऱ्याच्या कारखान्यात जन्मभर माल तपासला, ती सवय निवृत्तीनंतर घरी घेऊन आले. अपवाद एकच, तिथलेच जोडीदार प्रतापसिंह. दोघांनी छाणीच्या आमच्या घराच्या अंगणात प्लायवूडची छोटी होडी बांधायला घेतली. मही नदीच्या पात्रात दोघांनी गळ टाकून बसायचं, एवढीच हौस.

लाकूडकाम झालं. आता पाणी झिरपू नये म्हणून वरून इपॉक्सीचा थर द्यायचा होता. त्याचे दोन डबे, एक राळेचा आणि एक ती घट्ट करणाऱ्या हार्डनरचा, प्रतापसिंहांनी पाणीगेटच्या ओळखीच्या दुकानातून आणले. हार्डनरच्या डब्याचं सील सुटलेलं होतं. झालं! ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. दुकानदाराने भेसळ केली असणार! प्रतापसिंह घरी गेल्यावर ह्यांनी राळ कालवायच्या प्रत्येक वाटीत मापापेक्षा एक झाकण हार्डनर जास्त ओतलं आणि तोच थर होडीला दिला.

"अहो, डब्यावर माप लिहिलंय ना?" मी म्हटलं.

"लिहिणारा काय हरिश्चंद्र लागून गेला?"

होडी वाळेना. ऊन झालं, वारा झाला, तरी हात लावावा तर गुळाच्या ढेपेसारखी चिकट. हे येता-जाता अंगठा दाबायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे. शेवटी प्रतापसिंहांना तोंडावर म्हणाले, "दुकानदार तुझ्या ओळखीचा, डबे तू आणलेस. तुला ठाऊक नव्हतं, असं कसं मानू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रतापसिंहांनी त्याच डब्यांतलं थोडं डब्यावरच्या मापाने वाटीत कालवलं आणि "सवारे जोई लेजे," सकाळी बघून घे, म्हणून निघून गेले. सकाळी ह्यांनी पाहिलं, तर वाटीतला गोळा दगडासारखा टणक. डबे चोख होते. घोळ सगळा त्या जास्तीच्या झाकणाचा होता.

हे मुकाट्याने होडी खरवडायला बसले. मापाने नवा थर दिला, तो खणखणीत वाळला. मग मला बरोबर घेऊन प्रतापसिंहांकडे गेले. "चुकलो यार. चाल ने, रविवारी महीवर जाऊ." ह्यांच्या तोंडून 'चुकलो' मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझा तर ऊर भरून आला.

प्रतापसिंहांनी चहा पाजला, होडीची चौकशी केली.

"पण मी नाही येत, विश्राम," ते हसत म्हणाले. "पाणी शिरलं, तर म्हणशील भोक मीच पाडलं."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. 'तसं नाही म्हणणार,' एवढंच ह्यांनी बोलायचं होतं. हे बोलले नाहीत.