आरशावरचा अंगठा

दुर्बीण ही रात्रीची वस्तू, असं लोकांना वाटतं. तिची खरी सेवा दिवसाउजेडी करावी लागते, हे मला लग्न होऊन तेरखेड्याला आल्यावर कळलं. आमचे हे कोसभर लांबच्या शाळेत मास्तर होते. निजामाचं राज्य होतं, त्यामुळं शाळेत शिकवायचं उर्दूतून आणि घरी येऊन माझ्याशी भांडायचं मराठीतून. हैदराबादेत शिकत असताना एका म्हाताऱ्या गोऱ्या इंजिनिअरचा त्यांच्यावर जीव जडला आणि मायदेशी परतताना त्यानं आपली दुर्बीण ह्यांना देऊन टाकली. चांगली पुरुषभर लांब नळी, तिच्या तळाशी जेवणाच्या ताटाएवढा आरसा आणि तोंडाशी एक छोटा तिरका आरसा. सासूबाई तिला माझी सवत म्हणायच्या, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

दर रविवारी दुपार कलली की घराच्या सपाट माळवदावर तिची पूजा मांडली जायची. हे डोळ्याजवळचं भिंग काढून ठेवायचे आणि मला त्या भोकातून आत बघायला लावायचे. आत एकात एक गोल दिसायचे आणि कुठंतरी कडेला माझाच डोळा. हे तळाशी बसून आरशामागचे तीन पेच फिरवायचे. डोळा सगळ्या गोलांच्या बरोबर मधोमध आला की मी ओरडायचं, की झाली सरळ. मग लांबच्या देवळाचा कळस धरून खात्री करायची. एकदा त्यांनी हौसेनं सासूबाईंना तो कळस दाखवला. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. "देवाला उलटं टांगतूस व्हय रं!" म्हणून त्यांनी ह्यांना असं झापलं की आठवडाभर दुर्बीण खाली अडगळीत होती.

मामंजींना मात्र तिच्याजवळ फिरकायची बंदी होती. ते शोभेची दारू करायचे. गावात लग्न असो की जत्रा, भुईनळे आमच्या घरचे. आरशावर चांदीचा पातळ मुलामा होता आणि दारूतलं गंधक चांदीचं वैरी. गंधकाचं बोट नुसतं टेकलं तरी काळा डाग पडतो, आणि तो पसरतच जातो. म्हणून हे स्वतः रिठ्यानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आरसा काढत नसत. काढला तरी धुवट फडक्यात, काठाला धरून. मामंजी जिन्यात दिसले की इकडून हाक जायची, "आप्पा, हात!" बिचारे तिथूनच मागं फिरायचे. बापाला असं हाकलणं मला आवडत नसे. मी तसं तोंडावर बोललेही होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतच कधीतरी ताप आला आणि हे गेले. चार दिवसांचं दुखणं, पाचव्या दिवशी घर रिकामं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

मला अन्न जाईना. सासूबाई घास भरवायच्या, तो तसाच तोंडात राहायचा. सुतक फिटल्यावर एका दुपारी मी माळवदावर गेले आणि सवयीनं भिंग काढून आत पाहिलं. माझा डोळा होता, आणि त्याच्या शेजारी आरशावर एक काळा अंगठा उमटलेला होता. रेषान् रेषा स्पष्ट, मधून एक आडवी कोरी फट. खडूनं ह्यांची बोटं नेहमी भेगाळलेली असत. माझ्या मनानं तिथंच निकाल दिला. शेवटच्या आजारात, तापाच्या भरात, हे वर आले असतील आणि धुतल्या हाताचा नेम एकदाच चुकला असेल. त्या संध्याकाळी मी भाकरी मागून घेतली.

पुढं दोन वर्षं मी रोज दुपारी त्या भोकाला डोळा लावत होते. बोलायचेही, हळू आवाजात. अंगठा वाढत होता. त्याच्या रेषा एकमेकींत मिसळू लागल्या, कड पसरू लागली, आणि मला वाटायचं तो माझ्या डोळ्याकडे सरकतो आहे. भीती वाटायची, तरी मी डोळा काढत नसे. कधी पेच फिरवून मुद्दाम माझा डोळा त्याच्यावर आणायचे. दुर्बीण त्यामुळं वाकडी होत होती, पण मला कुठं तारे बघायचे होते?

एके दिवशी मामंजी जेवताना म्हणाले, "आरसा काळा पडत चाललाय. सोलापुरात एकजण चांदी चढवून देतो म्हनं. तेजाबानं जुनी काढून टाकायची आन् नवी चढवायची. करोडगिरी नाक्यावर जकातीपायी अडवलं तर बघून घेऊ."

तेजाबानं जुनी काढायची, म्हणजे अंगठा जाणार. मी ताटावरून उठले. सासऱ्याला बोलू नये ते बोलले. तुमचं काळीज कोळशाचं आहे, म्हणाले. पोराची एवढीशी खूण राहिली, तीही तुम्हाला डोळ्यांत खुपते का?

मामंजी चुलीकडे वळले. मग चुलीजवळच्या तव्याच्या काजळीत त्यांनी उजवा अंगठा फिरवला आणि माझ्या ताटाच्या काठावर टेकवला. मधून आडवी कोरी फट. भुईनळा हातात फुटल्याचा जुना व्रण होता तो.

"माझा हाय पोरी त्यो," ते म्हणाले. "पोरगं गेल्यावर म्या वर गेलतो. जितेपनी हात लावू देत नव्हता. म्हनलं, बघावं तरी ह्यात असं काय हाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू जेवाय लागली व्हतीस."

मी वर धावले. आरसा बाहेर काढला आणि उन्हात तिरका धरून काठापासून काठापर्यंत तपासला. कुठंतरी एखादं बोट, एखादा अर्धा ठसा असेल. कडेला पाहिलं, मागची काच पाहिली, पेच पाहिले. काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत ह्यांनी एकदाही उघडा हात लावला नव्हता. इतकं जपलं होतं, की स्वतःचं म्हणून काही मागं राहू दिलं नाही.

मामंजी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन थांबले होते, सवयीप्रमाणं हात पाठीमागं घेऊन. मी जवळ गेले आणि आरसा पुढं केला. ते हात पुढं करीनात.

"धरा," मी म्हटलं. "आता कोण ओरडणार आहे?"