दोन्या निकानोराने लावलेला डोंगर

निकानोरा तापिया आमच्या तांबं शोधणाऱ्या तळावर स्वयंपाक करायची; सगळे तिला दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचे. तळ साडेचार हजार मीटरवर, चिलीच्या सरहद्दीलगत. गावाहून खेचरांनी तीन दिवस. ड्रिलचं यंत्र सुटं करून मीच खेचरांवर चढवलं होतं. त्या हवेत माणूस न पिताच झिंगतो. बावन्न वर्षांची निकानोरा तर पहिल्या दिवसापासून गुणगुणतच होती.

भूगर्भाचा अभ्यासक इल्देफोन्सो शहरातला, जेमतेम तिशीचा. सूप पिता पिता त्याने तिला समजावलं की वरचा डोंगर गंजासारखा लाल आहे, कारण त्यातलं तांबं लाखो वर्षं पाण्याबरोबर खाली झिरपलंय आणि खोल कुठंतरी त्याचा काळा थर साचला असणार.

"म्हणजे रश्श्यासारखंच की," ती म्हणाली. "चव सगळी तळाला."

ड्रिलमधून दगडाच्या लांब कांड्या निघायच्या. त्या खोलीप्रमाणे लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या. एकशे ऐंशी मीटर झाले आणि त्याच दुपारी वाऱ्याने अख्खी मांडणी आडवी केली. कांड्यांचा ढीग झाला, खोलीच्या खुणांच्या फळ्या उताराने घरंगळत गेल्या. सकाळी शेवटी निघालेल्या कांड्या तर अजून धुतल्याही नव्हत्या. बर्फ आठवड्यावर आलेला, नवं भोक पाडायला वेळ नव्हता. इल्देफोन्सो खालीच बसला.

निकानोराने पातेलं उतरवलं, हात पुसले. "ऊठ रे पोरा. फुटलेली ताटली जुळवतात तसं जुळवू."

तुटलेल्या कडा एकमेकींत बसवत आम्ही कांड्या लावू लागलो. पण वरच्या भागातले पांढरे तुकडे भुसभुशीत, त्यांच्या कडा जुळेनात. निकानोराने एक उचलला आणि सरळ चाटला.

"हा जिभेला चिकटतोय, शाडूसारखा. तो मघाचा चिकटत नव्हता."

इल्देफोन्सोने चाटून पाहिला आणि हसू लागला. वर पाणी मुरून दगडाचा शाडू होतो, खाली तसा होत नाही, म्हणजे चिकटतो तो वरचा. मग काय, तळावरचे आम्ही सहाही जण बसून डोंगर चाटू लागलो. ड्रिलवाला बेलिंदो म्हणाला, मीठ कमी आहे. त्यावर निकानोरा इतकी हसली की तिला पाठीवर झोपवून दम खाऊ द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी सगळं लागलं. उरल्या तळाच्या चिखलमाखल्या कांड्या. तिने त्या बादलीत धुतल्या. आतून काजळीसारखा काळा दगड निघाला. इल्देफोन्सोने चाकूने ओरखडलं, तर आत चकचकीत धातूची रेघ. हाच तो तांब्याचा काळा थर, अकरा मीटर सलग.

त्याने रुमाल काढून तिच्यापुढे फडकवला, तिनेही पुसायचं फडकं फडकवलं, आणि दोघं कुएका, तो तिकडचा रुमालांचा नाच, नाचू लागले. दहा पावलांत दोघांचा श्वास संपला. जमिनीवर पडल्या पडल्याही त्यांचे रुमाल हलत होते.

तो डोंगर अजून तसाच आहे. रस्ता नाही, वीज नाही, तांबं जागच्या जागी. निकानोरा गावी भट्टीवर पाव भाजते. पण त्या भोकाच्या नोंदीत इल्देफोन्सोने लिहिलं होतं: कांड्यांचा क्रम लावला, नि. तापिया यांनी. त्याची एक प्रत तिला दिली. उतरताना तिन्ही दिवस ती खेचरावर बसून तो कागद मोठ्याने वाचत होती, आणि दर वेळी नाव आलं की खेचराला थांबवत होती.