मास्तरांच्या पायाखालचा श्वास

एडवणात कुणालाही विचारा, पुंडलिकमास्तरांनी पायपेटी कुऱ्हाडीनं फोडली म्हणून सांगतील. विश्रामभाऊ, आमच्या जत्रा कमिटीचे पुढारी, ते नाकातून सांगतात, "दोन घाव घातलंन, दोन! मी सोताच्या डोल्यांनी बगितला." जमनाकाकू पदर तोंडाला लावून कुजबुजतात, "दोन नाय गो, सात."

एकही नाही. पेटी मास्तरांच्या ओटीवर धड उभी आहे, वर त्यांच्या बायकोचं, येसूकाकूंचं, जुनं लुगडं. पायानं भाता मारायचा, हातानं सूर दाबायचे, अशी ती उंच पेटी. मास्तरांनी चारचौघांत वाजवणं तेवढं सोडलं.

दिवसा केळीच्या वाडीत पाणी सोडणारे मास्तर जत्रेत मंचाखाली लोकांकडे पाठ करून बसत, तेव्हा सगळं नाटक त्यांच्या मानेवर चाले. मान हलली की तबला थांबे, भुवई उडाली की राजा प्रवेश करी. नाटक दरवर्षी एकच, नळ-दमयंतीचं, पदंच पदं असलेलं. बोटांकडे ते कधी बघत नसत. नजर गाणाऱ्याच्या गळ्यावर. "पेटीनं गानाऱ्याबरोबर दम घ्यावा," एवढंच त्यांचं शास्त्र.

दमयंती व्हायचा दातिवऱ्याचा रामा. होडीवरून उतरून थेट तालमीला, अंगाला बोंबलाचा वास. राजा कुरकुरायचा, "रामा, आंघोल तरी कर रे! राणी हायस ना?" रामा लाजून पदर सावरायचा. पण वनातलं पद सुरू झालं, टाकून गेलेल्या नळाला दमयंती हाका मारू लागली, की पुढच्या चटईवरच्या बायका नाकं ओढायला लागत. त्याची शेवटची तान ऐकून लोक म्हणत, "रामाच्या छातीत दोन मानसांचा दम हाय!"

सत्त्याहत्तर साली होडीचा दांडा रामाच्या छातीवर बसला. फासळ्या जुळल्या, दम जुळला नाही. तालमीत तान अर्ध्यावर तुटली. सगळे गेल्यावर रामा खाली बघत म्हणाला, "मास्तर, दुसरा कोन बगा. माज्यानं व्हत नाय."

"तू गा," मास्तर म्हणाले. "छाती तुजी, भाता माजा."

पुढे काय केलं ते दोघांनाच ठाऊक. रामा दहा वर्षं दमयंती झाला आणि गाव तेच म्हणत राहिलं, दोन माणसांचा दम.

सत्त्याऐंशीला नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या. पहिल्याच खेपेला रामाची होडी परत आली, रामा आला नाही.

मास्तरांनी नाटक थांबवलं नाही. मनोरहून जिवल्या आणला, चांगल्या गळ्याचा. पण वनातल्या पदात मास्तरांचा पाय भलत्याच जागी भाता दाबी. पेटी उसळे, जिवल्याचा आवाज बुडे. लोक ओरडले, "मास्तर, भाता आवरा!" दुसऱ्या वर्षीही तेच. मास्तर मांडीवर हात दाबून बसत, पण पाय काही ऐकेना. मग ते जत्रेत बसलेच नाहीत, जिवल्याही पुन्हा आला नाही.

विश्रामभाऊंनी बोईसरहून कॅसिओवाला आणला. तो दाखवायला लागला, "चाचा, ये दबाओ तो तबला, ये दबाओ तो बांसुरी. अकेला आदमी, पूरा आर्केस्ट्रा!"

मास्तरांनी विचारलं, "आनि गानाऱ्याचा दम कंच्या बटनात?"

विश्रामभाऊ म्हणाले, "दमयंती मिलाली तर नाटक, नायतर कॅसिओ."

आता माझं. मी गावातली नकला करणारी पोर. विश्रामभाऊ, जमनाकाकू, कॅसिओवाला हे सगळे माझ्या गळ्यात राहतात, आणि रामाही. त्याची जत्रेत भरलेली कॅसेट मी इतकी वाजवली होती की फीत घसरायला लागली होती. मास्तरांना म्हटलं, "पैज लावा. पडद्यामागून मी गाते. तुमाला रामाच वाटंल."

मास्तर म्हणाले, "वाटलं तर मी पेटीवर, तू दमयंती. नाय वाटलं, तर पुन्ना कोनी मला बोलवायचं नाय."

ओटीवर वाळत घातलेल्या चादरीमागे मी उभी राहिले. मास्तरांनी लुगडं काढलं. मी पद उचललं. आत येसूकाकूंच्या हातातून पळी पडली. पेटी माझ्याबरोबर चालत होती, मऊ, अगदी गळ्याला लागून. जिंकलेच होते मी! शेवटची तान घेतली आणि मधेच पेटी भरतीसारखी अंगावर आली. मी सूर सोडला नाही, कॅसेटमधल्यासारखा सरळ नेला.

पेटी बंद झाली.

"हितं रामा नव्हता," मास्तर म्हणाले.

मी चादर सारली. "का? काय चुकलं?"

"तू गात व्हतीस. रामा तानंच्या मदी, हितं, गायचाच नाय. हितं तो दम घ्यायचा. मी पेटीनं झाकायचो."

"पन कॅसेटमदी..."

"कॅसेटीत माजा भाता हाय."

मी घाईघाईनं म्हटलं, "आता कललं ना मला! परत गाते. तितं थांबते, दम घेते."

मास्तरांनी पेटीवर लुगडं घातलं, चारी कोपरे नीट खाली ओढले.

"तुजी छाती धड हाय, पोरी. तू कशाला थांबशील?"

त्या वर्षी जत्रेत कॅसिओ वाजला. पैज मी हरले.