राबाचा घोळ

लग्न होऊन मी कडावात आले, त्यानंतरच्या एका वैशाखातली ही गोष्ट. आमच्या ह्यांनी भाताच्या रोपासाठी राब रचायला घेतला होता. शेण, पाला, गवत थरावर थर अंथरून ठेवायचं आणि पावसाआधी भाजायचं, तो राब. मग आम्ही दोघं एका लग्नाला गेलो.

परत येऊन बघतो तर राबातलं शेण गायब आणि आमच्या मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोवऱ्या! थापताना शेजारची नवी सून दिसली होती म्हणे. ह्यांचा राग आधीच नाकावर, त्यात शेजारच्या पुरुषांशी बांधावरून जुनी कुरबुर. "मुद्दाम राब नासवला," म्हणून ह्यांनी गाव डोक्यावर घेतलं. तिकडे तिच्या सासूनं जाहीर केलं, असली खोडसाळ सून नको, उद्याच माहेरी धाडते. पोरगी घाटावरची, ज्वारीच्या मुलखातली. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. माझा जीव तुटत होता.

संध्याकाळी देवळापुढे गावकी बसली. आम्ही बायका खांबाआड, ती पोरगी माझ्याजवळ; तिची सासू मात्र पुढं बसलेली. हे तावातावानं बोलून दमले, तेव्हा म्हातारे पाटील म्हणाले, "तुझं झालं. आता पोरीला बोलू दे. भिऊ नको गं, सांग."

ती सासूकडे बघत पुटपुटली, "आत्याबाईच म्हनल्या, शेजारी राब हाय, जा, हात लाव. मला वाटलं, राबायचं काम हाय, म्हनून दिसभर राबले. वावरात शेण टाकलेलं, सगळं येचलं. वाया कशाला घालवा, म्हनून त्यांच्याच भिंतीवर थापलं."

मग असा हशा उठला की हेसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसू लागले.

"राब म्हंजे काय, सांगितलं होतंस का हिला?" पाटलांनी सासूला विचारलं.

"त्यात काय सांगायचं? पोराटोरांना पन ठावं हाय!"

"कडावच्या पोरांना. ज्वारीवाल्यांना कसं ठावं असंल?"

पाटील ह्यांच्याकडे वळले. "गोवऱ्या फोडून पाल्यावर पसर, रं. शेण काय पळून नाय गेलं. उद्या दोन्ही घरांनी मिळून राब भाजा." हे कबूल झाले.

"आनि सूनबाई?" पाटलांनी सासूला विचारलं.

सासू उठून खांबाआड आली. पोरीनं माहेरी जायचं गाठोडं पदराखाली घट्ट धरलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. सासूनं ते हिसकून घेतलं, स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि घराची वाट धरली.